साडभाऊंची साटेशनं

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या घरातल्या पाण्याच्या माठात डोकावणारा गृहस्थ या पृथ्वीवर एकच निपजला असावा, आणि तो माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वाशीमकडच्या केनवड गावात जन्मले, कंदिलाच्या उजेडात शिकले, आमच्या दोन्ही घरांतले पहिले डॉक्टर झाले; पण त्यांनी कोणाला सुई टोचल्याचं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ते रोग्यांचे डॉक्टर नव्हतेच, गावांचे डॉक्टर होते. वैद्यकीय कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवायचे आणि उरलेल्या वेळात खेडोपाडी फिरून लोक पाणी कसं भरतात, कसं झाकतात, कसं पितात आणि नंतर त्यांच्या लेकरांना किती वेळा जुलाब होतात, हे मोजत बसायचे. आमचे सासरे शेवटपर्यंत हळहळत राहिले. "जावई डागदर पाह्यला, पण डोकं दुखते म्हटलं त साधी गोयी देत नाई बाप्पा. इचारते, पाणी कुठलं पेता?"

मीही त्याच खात्यातला, पण अगदी खालच्या पायरीवरचा. शेलूबाजारपासून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेवक होतो. आता निवृत्त आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, तापाच्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, घरोघर जाऊन रजिस्टर भरायचं, ही माझी नोकरी. साडभाऊंची नक्कल माझ्याइतकी कोणालाच साधत नाही, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे म्हणतात. लग्नाकार्यात मी त्यांच्या गमती सांगायला बसलो की माणसं चहा टाकून ऐकतात. आजही मी त्या सांगणार आहे. पण सांगताना मधेच माझी मान खाली जाते, आणि ती का जाते हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. या वेळी तेही सांगून टाकतो.

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात फोटो काढायच्या वेळी साडभाऊ गायब. सगळी वरात खोळंबली. शेवटी सापडले ते मांडवामागे, पाण्याच्या ड्रमाजवळ, हातात कागदाचा चिटोरा घेऊन. जेवायला बसण्याआधी कोणी साबण लावून हात धुतले, कोणी नुसती बोटं भिजवली आणि कोणी कोरडेच पँटला पुसले, याची ते नोंद करत होते. नवरीचे वडील तिसऱ्या वर्गात निघाले. साडभाऊंनी ही बातमी त्यांना पंगतीत, अगदी आदरानं, वाकून सांगितली. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याकडची पुरुष मंडळी बायकाईच्या फार मागं हायेत." व्याही वाईट वाटून घेणार नाहीत असं जगात कुठे होतं का? पण गंमत अशी, की पुढे साडभाऊ दिसले की ते व्याही आधी हात धुवायला पळत.

पुराव्याशिवाय बोलणं त्यांना पाप वाटे. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, म्हणाली, भाजी खारट झाली का हो, तर हे म्हणणार, "एकीच्या सांगण्यावरून काही ठरवता येत नाई. साडभाऊ, तुमी चाखा." मग नवरा-बायकोच्या मधे सापडून मी चाखत बसायचो. कोणाकडून ऐकलेली गोष्ट स्वतःच्या नावावर खपवणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. विनोद सांगितला, सगळे खदखदून हसले, की हे लगेच हात वर करायचे. "हा माहा नाई. इंझोरीच्या बसमधी एका कंडक्टरनं केला होता." हसणाऱ्यांचा विरस झाला तरी चालेल, पण कंडक्टरचं श्रेय कंडक्टरला मिळालंच पाहिजे. कोणाकडे मयतीला भेटायला गेले तर तिथेही त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. ताप किती दिवस होता, आधी हातपाय गार पडले का, दवाखान्यात न्यायला वाहन किती वेळानं मिळालं. मी शरमेनं त्यांचा सदरा ओढायचो. पण घरची माणसं आधी दचकायची आणि मग सगळं सविस्तर सांगत सुटायची. इतक्या काळजीनं दुसऱ्या कोणी त्यांना विचारलेलंच नसायचं.

आणि मग ती साटेशनं. विद्वान माणूस पेपर लिहितो, तो एखाद्या जर्नलमध्ये छापून येतो. पुढे दुसऱ्या कोण्या देशातला विद्वान आपल्या पेपरात लिहितो, की अमक्यानं हे आधीच दाखवून दिलं आहे. त्या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. माझ्या बायकोनं त्याचं साटेशन करून टाकलं आणि आमच्या खानदानात तेच रूढ झालं. साडभाऊंनी चाळीसेक पेपर लिहिले असतील. त्यांतल्या बहुतेकांकडे जगानं ढुंकून पाहिलं नाही. हात धुण्यावरच्या एका पेपराला दोन साटेशनं होती, आणि त्यांतलं एक खुद्द त्यांचंच होतं. ते त्यांनीच मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पण एका पेपरानं मात्र कमाल केली. तो पेपर होता ओगराळ्यावर. माठात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढलं तर लेकरांची हगवण कमी होते, एवढंच त्यात होतं. तो देशोदेशी गेला. साडभाऊंच्या घरी भिंतीवर शाळेत असतो तसा जगाचा नकाशा टांगलेला होता. जिथून उल्लेख येईल तिथे साडभाऊ ताईच्या पाकिटातली एक टिकली चिकटवायचे. ताई वैतागून म्हणायची, "माह्या कपाळाले एक अन् आफ्रिकेले नऊ!"

टिकली चिकटवली की मला फोन. "जयभीम साडभाऊ. पेरू!" एवढंच. माझ्या बायकोला वाटलं, त्यांनी येताना पेरू आणायला सांगितले. तिनं खरंच दोन किलो घेतले. ते पेरू खात साडभाऊंनी आम्हाला तो देश नकाशावर दाखवला आणि म्हणाले, "या टोकाचा माणूस आपल्या तांड्यातल्या लेकराईबद्दल लिहून राह्यला. तुमी केलेलं काम हाय हे, साडभाऊ." मी हसलो. पण हातातला अर्धा पेरू परत ताटलीत ठेवला. कारण तो पेपर ज्या फॉर्मांवर उभा होता, त्यांतले बरेच मी भरले होते, आणि मी ते कसे भरले होते हे फक्त मला ठाऊक होतं.

झालं असं होतं. साडभाऊंनी त्या अभ्यासासाठी आपल्या जिल्ह्यातल्या काही वस्त्या निवडल्या होत्या. अर्ध्या वस्त्यांत घरोघर ओगराळी वाटली, अर्ध्यांत नाही. मग वर्षभर दर आठवड्याला प्रत्येक घरी जायचं आणि लहान लेकराला किती वेळा जुलाब झाले तो आकडा रकान्यात लिहायचा. खालच्या अंगाला एक ओळ शेऱ्यासाठी. माझ्याकडे ओगराळीवाला एक तांडा आला. दिवाळीपर्यंत मी इमानानं हिंडलो. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक आले आणि निम्म्याहून जास्त तांडा लेकराबाळांसकट कारखान्यांवर निघून गेला. दारांना कुलपं. साडभाऊंनी बजावून ठेवलं होतं, कुलूप असेल तर 'कुलूप' लिहा. पहिल्या आठवड्यात मी तसं लिहिलं. पण गठ्ठ्यावर नजर टाकली तर कुलूप, कुलूप, कुलूप. मला ते बरं दिसेना. बाकीच्या वस्त्यांचे फॉर्म भरलेले जातील आणि घरच्या माणसाचेच कोरे! शिवाय खरं सांगायचं तर मोकळ्या तांड्यात चार किलोमीटर पायपीट करून कुलपं मोजायचा मला कंटाळा आला होता. मी तो पहिला गठ्ठा फाडला आणि शेलूबाजारच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत बसून नवे फॉर्म भरले. जुलाब, शून्य. शून्य. शून्य. सगळी शून्यं संशयास्पद दिसतील म्हणून मधेच कुठे एक, कुठे दोन. शेऱ्यात शोभेसाठी काहीबाही. पुढे होळीला अभ्यासाचं वर्ष संपेपर्यंत तांड्यात पाऊल न टाकता मी ते काम केलं. चहावाल्याला वाटायचं, केवढा कामसू माणूस!

उन्हाळ्यात लोक परतले. मी तांड्यात गेलो तेव्हा शेवंताबाई नावाच्या बाईच्या घरासमोर थांबलो. तिची धाकटी, काजल, दीड वर्षाची, मला पाहून नेहमी रडायची, सुईवाला समजायची. त्या दिवशी कोणी रडलं नाही. शेवंताबाई म्हणाली, पोट्टी गेली भाऊ, कारखान्यावर, हगवणीनं. मी तिथे उभा राहून काय बोललो ते मला आठवत नाही. घरी येऊन मात्र कॅलेंडर काढून पाहिलं. ती पोर गेल्यावरही मी आठवडेच्या आठवडे तिला रकान्यात जगवली होती. फॉर्म तोवर साडभाऊंच्या कॉलेजात पोहोचले होते. एक फोन केला असता तर झालं असतं. उद्या करू म्हटलं. असे किती उद्या गेले हे सांगायलाही लाज वाटते. मग पेपर छापून आला, शेवटी आभारांत माझं नाव आलं, साडभाऊंनी ती ओळ मोठ्या अक्षरांत काढून मला दाखवली, आणि त्यानंतर तर बोलणं शक्यच राहिलं नाही. नकाशावर टिकल्या वाढत गेल्या. लोकांत मी त्यांची नक्कल करून हशा पिकवायचो आणि प्रत्येक हशानंतर मला स्वतःची किळस यायची.

साडभाऊ निवृत्त होऊन वाशीमला राहायला आले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं, की ओगराळ्यावाली लेकरं आता मोठी झाली असतील, ती पाहून यावीत. जुने फॉर्म त्यांनी पेटीत जपून ठेवले होते. "पेपर नाई लिहायचा. नुसतं पाह्याचं," म्हणाले. मी पाय दुखतो म्हटलं, तर गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊनच दारात हजर. गेलो. तांड्यात पोरं दारांच्या उंचीची झाली होती. साडभाऊ एकेकाला जवळ घेऊन विचारत होते, "तुले आठवते का बाप्पा ते ओगराळं?" एका घरची म्हातारी म्हणाली, "हाय ना! कोंबड्याईले दाणे टाकतो त्यानं." साडभाऊंनी तेही लिहून घेतलं. त्यांचा आनंद मावत नव्हता. मी मात्र घरं मोजत होतो. शेवंताबाईच्या घराच्या अलीकडे मी थांबलो.

"भाऊ, ऊन चढलं. एवढं एक घर राह्यलं त राहू द्या."

"काहून?"

"बाई घरी नसंल."

"कुलूप असंल त कुलूप लिहू. जाऊन त पाहू," ते म्हणाले आणि चालू लागले.

शेवंताबाई घरी होती. तिनं बाज टाकली, पाणी आणलं. साडभाऊंनी फॉर्म काढले, चष्मा लावला आणि हसून विचारलं, "तुमची लहानी, काजल. आता मोठी झाली असंल. शाळेत जाते का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, मी सांगितलेलं असणार. "या भाऊले माईत हाय ना," ती म्हणाली. "ते त तवाच गेली. उसाच्या फडात. संक्रांतीच्या आठ दिवस आधी. दोन दिवस हगवण लागली, तिसऱ्या दिवशी डोये फिरवले तिनं."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला फॉर्म बाजूला ठेवून ते तिला विचारत राहिले, हळूहळू, जसं ते सगळ्यांना विचारायचे. पाणी कुठलं होतं? मीठ-साखरेचं पाणी कोणी सांगतलं होतं का? दवाखाना किती दूर? ती सांगत गेली. कॅनॉलचं पाणी, ड्रमात भरलेलं. तिच्यासोबतची बाई म्हणाली होती दूध बंद कर, म्हणून दूध बंद केलं. दवाखाना दूर, मुकादम ट्रॅक्टर द्यायला तयार नव्हता. "अन् ते तुमचं ओगराळं घरीच राह्यलं होतं," ती म्हणाली, "कुलपात." सगळं सांगून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं. साडभाऊ उठून तिला हात जोडून म्हणाले, "नको बाई. मी पुन्हा येईन."

बाहेर तांड्याच्या शाळेच्या ओट्यावर ते बसले. फॉर्म एकामागून एक उलटत गेले.

"हे अक्षर तुमचं हाय, साडभाऊ?"

"हो."

"संक्रांतीनंतरचे सात फॉर्म हायेत. सातही शून्य." त्यांनी एका फॉर्मवर बोट ठेवलं. "इथं शेऱ्यात लिहिलं हाय, मूल अंगणात खेळत होते."

शाळेला सुट्टी होती, ओट्यावर शेळ्या बसल्या होत्या.

"हे एकच घर?" त्यांनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. त्यांच्या आवाजात अशी काही आशा होती की हो म्हणणं सोपं होतं. एका घराची चूक कोणाच्याही हातून होते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून खरं निघालं. "नाई भाऊ. त्या हंगामात जेवढी कुलपं होती तेवढी सगळी, अन् उघडी घरंही. होळीपर्यंत मी इथं आलोच नाई. स्टँडवर बसून भरले."

त्यांनी फॉर्म एकावर एक नीट जुळवले. मग म्हणाले, "मले रिकामे फॉर्म चालले असते, साडभाऊ." एवढंच. रागावले असते, दोन शब्द लावले असते, तर मी ते झेलले असते. परतताना जीपमध्ये ते पुढे बसले आणि मी मागे.

तीन आठवडे त्यांचा फोन नाही. मग एका सकाळी आला. "जयभीम. रविवारी या. कोणत्या घराले कुलूप होतं ते आठवून पाहू." मी गेलो. ताईनं माझ्यासमोर चहा असा ठेवला की निम्मा बशीत सांडला, आणि एक शब्द न बोलता आत गेली. तीन रविवार आम्ही तांड्याचा नकाशा पुढ्यात घेऊन बसलो. ते घरावर बोट ठेवायचे, मी सांगायचो. त्यातही त्यांचा स्वभाव सुटला नाही. मी 'कुलूप' म्हटलं की ते विचारायचे, "पक्कं आठवते का नुसतं वाटते?" मी म्हणायचो, वाटते. "मंग 'वाटते' असं लिहा." माझ्या खोटेपणाची नोंदसुद्धा त्यांना खरी हवी होती.

शेवटी त्यांनी माझा अख्खा तांडा अभ्यासातून काढून टाकला आणि सगळा हिशेब नव्यानं मांडला. ओगराळ्यानं फायदा होत होता. पण पेपरात लिहिला होता त्याच्या मानानं फार थोडा. त्यांनी जर्नलला पत्र लिहिलं, की माझा पेपर मागे घ्या. पत्र इंग्रजीत होतं. त्यांनी मला ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितली. त्यात माझं नाव नव्हतं.

"माहं नाव टाका, भाऊ," मी म्हणालो. "आभारात हाय तसं इथंही येऊ द्या."

"नाई."

"मले झेपत नाई भाऊ असं. चूक माही हाय."

त्यांनी चष्मा काढला. "फॉर्म तुमी खोटे भरले, ते तुमचं. पण ते खरे हायेत का नाई हे पाह्यणं माहं काम होतं. तांडा दिवाळीनंतर उसाले जाते, हे केनवडच्या माणसाले माईत नोतं का? अन् एकही कुलूप आलं नाई! मले नवल वाटाले पाह्यजे होतं, साडभाऊ. मले आनंद झाला." चष्मा पुसत म्हणाले, "पेरूच्या माणसानं माह्यावर भरवसा ठेवून तिकडं काय काय केलं असंल. त्याले वाटलं असंल, ओगराळी वाटली, आता काम झालं."

मी त्यांच्यासमोर रडलो. साठीच्या पुढचा माणूस, नातवंडांचा आजोबा. ताई आतून आली, मला पाहिलं आणि पुन्हा आत गेली. थोड्या वेळानं तिनं दुसरा चहा आणून ठेवला. या वेळी तो सांडला नाही.

पेपर मागे घेतला गेला. वाशीमच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता, तो त्यांनी स्वतः जाऊन रद्द करवला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, इथं कोणाले समजते ते साटेशन? शाल घ्या अन् बसा." साडभाऊ म्हणाले, "मले समजते ना." कॉलेजातले जुने सहकारी रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलून सटकू लागले. एकानं तर मागून म्हटलेलं मी ऐकलं, की आयुष्यात एक पेपर गाजला आणि तोही असा. मी तिथेच उभा होतो. पुढे होऊन सांगायला हवं होतं, की हे माझं पाप आहे. मी पानवाल्याकडून सुपारी घेतली आणि निघून आलो. हे लिहितानाही कान तापतात.

मागे घेतलेल्या पेपराचा उल्लेखही लोक करतच राहतात, हे मला तेव्हा कळलं. दूरदूरच्या विद्वानांना पत्ता नसतो. साडभाऊ एकेक उल्लेख शोधून काढतात आणि त्या माणसाला पत्र लिहितात, की कृपा करून हे वगळा, यावर विसंबू नका. इतक्या नम्रपणे कोणी स्वतःची कीर्ती पुसताना मी पाहिलेलं नाही. पेरूच्या गृहस्थाचं उत्तर आलं. त्यानं आभार मानले होते. साडभाऊंनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "सज्जन माणूस हाय."

त्यानंतर मी एकटा शेवंताबाईकडे गेलो. भाकरी थापत होती. चुलीपाशी उकिडवा बसून मी तिला सगळं सांगितलं. टपरी, शून्यं, अंगणात खेळत होते ती ओळ, सगळं. ती ऐकत होती आणि तिचे हात चालू होते.

"तुमी आले असते तरी कुलूपच दिसलं असतं, भाऊ," ती म्हणाली.

तिनं मला मोकळं करायला ते वाक्य दिलं होतं. ते घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो. पण मी म्हणालो, "म्या कुलूप लिहिलं असतं बाई, त एवढी कुलपं पाहून डॉक्टरसायबानं विचारलं असतं, लोक गेले कुठं. त्याईले विचारल्याबिगर राह्यवत नाई. ते त्याच साली फडावर आले असते."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली.

"मंग लिवाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं मला भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला, आणि मी ती खाल्ली, कारण नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर ट्रक लागायच्या आदल्या दिवशी साडभाऊ वही घेऊन तांड्यात आले. त्यांनी मला बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो. कोणतं घर कोणत्या कारखान्याला जातं, सोबत लहान लेकरं किती, मुकादमाचा नंबर काय, हे ते लिहून घेत होते. तिकडच्या आरोग्य केंद्रांना आधी कळवून ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा फोन करून लेकरांची खबर घ्यायची, एवढा त्यांचा बेत. मी दुसरी वही घेऊन पलीकडच्या ओळीत शिरलो. शेवंताबाई आता ऊसतोडीला जात नाही. ती माझ्यासोबत दारोदार फिरली. मी एका घरी दोन लेकरं लिहिली तर तिनं वहीत डोकावून मला थांबवलं. "दोन नाई, तीन. एक झोळीत हाय, पाह्यलं नाई तुमी." मी आत जाऊन झोळी उघडून पाहिली आणि तीन लिहिलं.

संध्याकाळच्या आत काम उरकलं. साडभाऊंना मी विचारलं, याचा पेपर होईल का. "होणार नाई," ते म्हणाले, "अन् झाला तरी कोणी वाचणार नाई." त्याचं त्यांना काही वाटत नसावं, ते मुकादमांचे नंबर पुन्हा तपासत होते. शेलूबाजारहून जीप मिळाली. गर्दी होती, म्हणून दोघांना मागच्याच बाकावर, एकमेकांना चिकटून जागा मिळाली. त्यांनी जीपवाल्याला पाणी कुठलं पितोस म्हणून विचारलं, त्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत त्यांचे डोळे मिटले आणि डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं. बाहेर तुरीला फुलं आली होती. ते डोकं तिथे विसावावं अशी माझी लायकी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. रस्त्यावर खड्डे फार. वाशीम येईपर्यंत मी तो खांदा हलू दिला नाही.